धुवायला दिलेला रोल

पिरंगुटला गाडी डावीकडे, लवासाच्या रस्त्याला लागली की ताई काच खाली करते आणि तळहात बाहेर धरते. पाऊस आला का ते बघायला धरतात, तसा. ती ऊन बघते. बोटांच्या सावल्या दाराच्या पत्र्यावर पडतात. त्यांच्या कडा रेखीव आहेत की फिसकटलेल्या, हे ती निरखते आणि निकाल देते. “अजून कोवळंय.” मग मी मनातल्या मनात कोवळ्या उन्हाचा हिशेब मांडते. फिल्म चारशेची, म्हणजे शटर अडीचशे, ॲपर्चर आठ.

कॅमेरा याशिकाचा, मॅट १२४ जी. एकावर एक अशी दोन भिंगं. पोटाशी धरायचा आणि वरून मान वाकवून बघायचं. प्रकाश मोजणारी एक सुई त्यात आहे, पण ती पाऱ्याच्या सेलवर चालायची आणि तसले सेल आता निघत नाहीत. सुई थांबली तेव्हा ताईचा हात कामाला आला. बारा वर्षांत तो दोनदाच चुकलाय. उन्हाला आपल्या भाषेत किती अंगं आहेत, हे मला तिच्या शेजारी बसून कळलं. कोवळं, तिरपं, पिवळं, रखरखीत. ढगातून क्षणभर उतरते ती तिरीप, पानांतून गळतो तो कवडसा. सकाळी असतं ते ऊन. संध्याकाळी त्याचीच उन्हं होतात आणि कलतात. सकाळचं एकवचन दिवसभरात कुठे फुटून अनेकवचन होतं, ते मला अजून पकडता आलेलं नाही. सुईला यातलं काहीच सांगता येत नव्हतं. ती नुसता आकडा दाखवायची.

आम्ही दोघी वर्षातून एकदा मुठ्याला जातो. कोजागिरी आणि दिवाळी यांच्या मधला एक दिवस, शनिवार-रविवार टाळून. एक रोल, बारा फोटो, त्याहून जास्त नाहीत. नियम ताईचा आहे. सुरुवातीला मी पिशवीत चार-चार रोल घेऊन निघायचे. मग मी सारखी उतरायचे, आणि ताई एकटी गाडीत बसून राहायची. एकदा ती शांतपणे म्हणाली, “धाकटे, बारा पुरेत. तेराव्याला मला तुझ्याशी बोलायचं असतं.” त्या दिवसापासून बाराच.

मुठ्याला म्हणावं की मुठेला, यावर आमची पहिल्या वर्षी थोडी चर्चा झाली होती. गाव मुठा आणि नदीही मुठा. गावाला जायचं तर ‘मुठ्याला जाऊ’. नदीला पाणी आलं तर ‘मुठेला पूर आला’. एकच शब्द, गावाचं नाव असताना एक वाट धरतो, नदीचं असताना दुसरी. मराठीनं केलेली ही वाटणी मला फार आवडते. पुण्यातल्या माणसांना बहुधा दुसरंच रूप ठाऊक असतं, आणि तेही पावसाळ्यात, भिडे पूल पाण्याखाली गेला की. बाकीचे दहा महिने नदीकडे पाठ करून आम्ही राहतो. संगमावर ती मुळेला भेटते आणि पुढे मुळा-मुठा या जोडनावानं भीमेकडे जाते, हे शाळेच्या पुस्तकातलं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. ती येते कुठून, ते बघायला कोणी जात नाही. मीही पन्नाशीच्या जवळ येईपर्यंत गेले नव्हते.

चांदणी चौकातला जुना पूल २०२२च्या ऑक्टोबरात पाडला. तिथं आता वर-खाली एवढे रस्ते झालेत की पहाटेच्या अंधारात ताईला मोठ्यानं पाट्या वाचाव्या लागतात. भूगाव, भुकूम, पिरंगुटचा छोटा घाट. हे सगळं आम्ही पटकन मागे टाकतो. इथं शहर अजून संपलेलं नसतं. उरवड्यापाशी मात्र मी गाडी हळू करते. २०२१च्या जूनमध्ये इथल्या एका रासायनिक कारखान्यात आग लागली आणि कामगार आत अडकून गेले. बहुतेक बायका होत्या. पहाटे डबा भरून घराबाहेर पडलेल्या बायका. ताई त्या बाजूला बघून हात जोडते. मी कॅमेऱ्याला हात लावत नाही. आम्ही यावर कधी बोललो नाही, पण त्या पट्ट्यात काच वर केलेली असते आणि ऊन मोजणं बंद असतं.

मग मुठा घाट लागतो. घाट म्हणण्याएवढा तो मोठा नाही, चार-सहा वळणं. पण शेवटच्या वळणानंतर खोरं एकदम उघडतं, आणि दर वर्षी ताई तोच एक शब्द बोलते. “थांब.”

मी थांबते. इंजिन बंद करते. खाली खाचरांच्या पायऱ्या उतरत नदीपर्यंत गेलेल्या असतात. हळवं भात पिवळं पडून कापणीला आलेलं, त्याच्या शेजारी गरवं अजून हिरवं, नुकतंच निसवलेलं. पिवळ्या आणि हिरव्या तुकड्यांच्या मधून बांध गेलेले, त्यांवर वाळत चाललेलं गवत. माझी फिल्म काळी-पांढरी असते, तिला पिवळं आणि हिरवं जवळजवळ सारखंच दिसतं. म्हणून मी भिंगावर पिवळा फिल्टर चढवते. मग आकाश जरा गडद होतं, ढग सुटून दिसतात आणि पिकलेलं भात हिरव्यापेक्षा थोडं उजळ येतं. थोडंच. बाकीचं बघणाऱ्यानं मनात भरून घ्यायचं.

वास मात्र कशातच भरता येत नाही. गरवं निसवत असताना खोऱ्यात आंबेमोहराचा वास असतो. आंब्याच्या मोहरासारखा म्हणूनच त्याचं हे नाव. मुळशीच्या या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पण आंबेमोहर उंच वाढतो, वाऱ्यानं लोळतो आणि हाती कमी लागतो. म्हणून वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहर आणि आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी काढला. आता खोऱ्यात जास्त खाचरं इंद्रायणीची आहेत. ती बुटकी, सरळ उभी राहतात, फोटोत रेघेसारखी येतात. आंबेमोहराचं खाचर ओळखायला सोपं. वारा गेलेला असला तरी ते वाऱ्यात असल्यासारखं दिसतं. ताई आईचा मऊ भात आठवते, वरून मेतकूट-तूप. मी ते खाचर टिपते. पहिला फोटो.

हे खोरं जुन्या कागदांत ‘मुठे खोरं’ म्हणून येतं. पुण्याभोवतीच्या मावळांतलं हे एक, आणि इथली देशमुखी मारण्यांची. पलीकडचं मोसे खोरं पासलकरांचं, बाजी पासलकरांचं. या नद्यांची नावं ताईला पाठ आहेत: मुठा, मोसे, आंबी. तिघी सांगरूणच्या आसपास एकत्र येतात आणि खडकवासल्याच्या पाण्यात मिसळतात. ताई आंबीचं नाव घेते तेव्हा तिचा आवाज जरा खाली जातो. पानशेतचं धरण आंबीवर आहे.

ते सांगितल्याशिवाय आम्ही दोघी इथं का येतो, हे कळणार नाही.

१२ जुलै १९६१, बुधवार. ताई तेव्हा आठ वर्षांची होती. मी जन्मायला अजून तीन वर्षं होती. आमचं घर नारायण पेठेत, नदीपासून दोन गल्ल्या आत, तळमजल्यावर दोन खोल्या. सकाळी पानशेत फुटलं. ते पाणी खडकवासल्यावर आलं आणि खडकवासलाही फुटला. ताईला आठवतं ते ओरडणं. “पळा, धरण फुटलं, पळा.” आईनं तिला एका हाताला धरलं, दुसऱ्या हातात देवघरातला बाळकृष्ण घेतला. दार ओढून घेतलं, पण कुलूप लावलं नाही. कुलूप लावायला थांबले असते तर, असं म्हणून वडील पुढे आयुष्यभर त्या वाक्याशी थांबायचे.

पर्वतीच्या पायथ्याशी एक आत्या राहायची, तिथं सगळे गेले. दोन दिवसांनी परत आले तेव्हा घर उभं होतं. खिडकीच्या गजांपर्यंत गाळ होता. शिसवी कपाट आडवं पडलं होतं आणि त्याच्या खालच्या खणात अल्बम होता. जाड काळी पानं, दोन पानांमध्ये पतंगाच्या कागदासारखा पातळ पांढरा कागद, कोपऱ्यांना चिकटवलेले छोटे त्रिकोण. वीस-पंचवीस फोटो असतील. आजोबांचा एकुलता एक, आईवडिलांच्या लग्नातले दोन, आणि ताईचे, जन्मापासूनचे. सगळ्याची मिळून गाळात भिजून एक वीट झाली होती.

पुढचं मला ताईनं इतक्यांदा सांगितलंय की ते मीच बघितलं आहे असं वाटतं. वडिलांनी घमेल्यात स्वच्छ पाणी घेतलं. पाणी तेव्हा किती मोलाचं होतं! धरणं गेली म्हणून नळ कोरडे होते, वाड्यांच्या विहिरी उपसून लोक पाणी भरत होते. ताईसुद्धा बादली घेऊन रांगेत उभी राहायची. त्या पाण्यातलं एक घमेलं वडिलांनी फोटोंसाठी घेतलं आणि ती वीट त्यात सोडली. तासाभरानं पानं सुटायला लागली. वडिलांना हायसं वाटलं. मग त्यांनी ताईचा एक फोटो पानावरून उचलला आणि कागद हातात आला, चित्र पाण्यातच राहिलं.

आता मला माहीत आहे असं का होतं. त्या काळच्या फोटोत कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरात, चांदीच्या बारीक कणांनी बनलेलं असतं. जिलेटिन पाण्यात फुगतं. फार वेळ भिजलं की कागदाची साथ सोडतं. ताईचा चेहरा असा कागदावरून सुटून घमेल्यात वर आला. तीन वर्षांची ताई, झालरीचा फ्रॉक, हाताशी स्टुडिओतला लाकडी घोडा. क्षणभर पाण्यावर सपाट तरंगली. मग झालरीकडून दुमडायला लागली. वडिलांनी खालून बोटं घातली तेव्हा ती त्यांच्या बोटांना सायीसारखी चिकटली आणि संपली. त्यांनी बाकीचे फोटो काढायचा प्रयत्न केला नाही.

“मी रडले नाही,” ताई सांगते. “मला वाटलं, मी पाण्यात पोहतेय.”

मी जन्मले तेव्हा वडिलांनी कॅमेरा घेतला. बडोद्याला तयार होणारा आगफा क्लिक थ्री. काळा, हलका, डब्यासारखा. त्यातही १२०चा रोल, त्यातही बारा फोटो. त्या काळात मध्यमवर्गीय घरात स्वतःचा कॅमेरा म्हणजे केवढी गोष्ट! माझे फोटो आले, ढिगानं आले. पर्वतीच्या पायऱ्यांवर, संभाजी पार्कात, गच्चीवर वाळवणात बसलेली. ते भरलेला रोल चौकातल्या स्टुडिओत ‘धुवायला’ द्यायचे. आठ दिवसांनी ‘धुऊन आले का’ म्हणून विचारायला आम्ही बरोबर जायचो. धुवायला. किती साधा, घरगुती शब्द. आपण कपडे धुतो, तांदूळ धुतो आणि फोटो धुतो. ताई तेव्हा अकरा-बारा वर्षांची. एकदा तिनं वडिलांना विचारलं होतं, “बाबा, धुतल्यावर जातात ना फोटो?” वडिलांनी तिला जवळ घेतलं, आणि त्या दिवशी त्यांनी अर्धा रोल फक्त ताईवर काढला. पण अकराव्या वर्षाच्या आधीची ताई कुठंच नाही.

माझा चौथ्या वर्षीचा एक फोटो आहे. कोऱ्या फ्रॉकमध्ये मी डोळे बारीक करून उन्हाकडे बघतेय. सगळे म्हणायचे, ही अगदी थोरलीसारखी दिसते, डिट्टो. लग्न होऊन ताई सासरी गेली तेव्हा तिनं तो फोटो मागून घेतला. तो अजून तिच्या दिवाणखान्यात आहे. एकदा तिच्या नातीला मी कौतुकानं म्हटलं, “ही मी.” नात म्हणाली, “नाही, ही आजी आहे. आजी लहान असताना.” मी ताईकडे बघितलं. ताई पोळ्या लाटत होती, मान वर केली नाही. मग मी नातीला म्हटलं, “हो गं, आजीच. मी विसरले.” आणि तेव्हा मला वाटलं, माझ्याकडे एवढे फोटो आहेत, त्यातला एक दिला तर काय झालं. चेहरा तर आमचा दोघींचा आहेच.

मुठा गावाच्या जरा अलीकडे, रस्त्याच्या कडेला ताडपत्री बांधून एक आजी काकड्या विकत बसते. खोऱ्यातल्या जाड, फिकट हिरव्या, पोटाशी पिवळसर काकड्या. गेल्या वर्षी मी तिचा फोटो काढला होता. काढायच्या आधी विचारलं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, काकडी कापायचा विळा खाली ठेवला आणि हात मांडीवर घेऊन ताठ बसली. आपली जुनी माणसं फोटोला बसतात, ‘काढून घेत’ नाहीत. त्या बसण्यात मला फार आदर दिसतो, समोरच्या माणसाबद्दल आणि येणाऱ्या दिवसांबद्दलही. मी कबूल केलं होतं, फोटो आणून देईन.

या वर्षी आणला. आठ बाय आठ, मॅट कागदावर, मागे पुठ्ठा लावून. आजी होती. मला जरा धास्ती होती, कारण ज्यांचे फोटो द्यायचे राहिले अशी दोन माणसं मला ठाऊक आहेत. ताडपत्री दिसली तेव्हा ताईनं माझ्या हातावर थोपटलं.

आजीनं फोटो दोन्ही हातांत घेतला. लांब धरला, जवळ धरला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ही माझी आय हाय.”

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, “आजी, तुमचाच आहे. गेल्या साली मी काढला, इथंच, आठवतंय?”

“आठवतंय की. पर ही आयच हाय माझी. आशीच बसायची. तिचा फोटू न्हवता कुनाकडं.” तिनं अंगठ्यानं फोटोतल्या कपाळावरून हात फिरवला. “कुठनं घावली वो तुमास्नी?”

मला उत्तर सुचेना. ताई पुढे झाली, तिच्या शेजारी गोणपाटावर बसली. एकाहत्तर वर्षांच्या ताईला खाली बसायला वेळ लागतो, तरी ती बसली. म्हणाली, “नदीकडनं आली.” आजीनं मान हलवली, जणू हे बरोबरच होतं. मग दोघी कितीतरी वेळ बोलत बसल्या. आई काय करायची, आवण लावताना कुठली गाणी म्हणायची, इरलं कसं विणायची, कशानं गेली. मी गाडीच्या बॉनेटला टेकून उभी होते. रोलवर पाच शिल्लक होते. एकही काढला नाही. ऊन माझ्या हिशेबातून निघून गेलं होतं, आणि त्याची रुखरुख वाटली नाही.

आजीनं पैसे न घेता चार काकड्या दिल्या. फोटो तिनं पदराखाली धरला होता, मूल धरतात तसा.

‘छायाचित्र’ हा शब्द ज्यानं केला त्याला मी मानते. आधी मला तो उलटा वाटायचा, कारण चित्र तर प्रकाशानं होतं. काही जण म्हणूनच ‘प्रकाशचित्र’ म्हणतात, आणि शास्त्रानं तेच बरोबर आहे. पण छाया म्हणजे नुसता काळोख थोडाच. आईची छाया असते, झाडाची असते. कुणाचा चेहरा कुणावर उतरतो त्यालाही आपण छायाच म्हणतो. ‘हिच्यावर मावशीची छाया आहे,’ असं बायका बाळंतिणीच्या खोलीतच सांगून टाकतात. आजीच्या फोटोत तिच्या आईची छाया होती. माझ्या फोटोत ताईची आहे. कुठलीही सुई हे मोजू शकत नाही.

रघुबीर सिंग नावाचे मोठे छायाचित्रकार होते, १९९९ साली गेले. त्यांचं शेवटचं काम ॲम्बॅसॅडर गाडीतून केलेल्या भारतभरच्या भटकंतीचं. ते पुस्तक त्यांच्या पश्चात आलं. गाडीची काच, आरसा, उघडं दार यांच्या चौकटीतून दिसणारा देश त्यात आहे. मी ते अनेकदा पाहिलंय. आमच्या छोट्या गाडीला तसली ऐट नाही, पण चौकट तीच: काच, तिच्यात ताईचा बाहेर धरलेला हात, हाताच्या पलीकडे खाचरं. मी असा एक फोटो काढला आहे, चालकाच्या जागेवरून. त्यात ताईचा चेहरा नाही. तळहातच आहे, उन्हात उघडा. माझ्या सगळ्या फोटोंत मला तो सगळ्यात जास्त हवासा वाटतो.

मुठ्यात नदी रस्त्याला जवळ येते. गावातून पुढे रस्ता खारावड्याच्या म्हसोबाकडे, लवार्ड्याकडे आणि टेमघरच्या भिंतीकडे जातो. टेमघर हे पुण्याला पाणी देणाऱ्या चार धरणांतलं वयानं सगळ्यात धाकटं. चारही मिळून साधारण २९ टीएमसी, त्यात टेमघरचा वाटा ३.७१. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. पुण्यातलं प्रत्येक घर पावसाळ्यात सकाळी पेपर उघडून हे आकडे वाचतं, ‘टेमघरला किती झाला’ म्हणून विचारतं. आमच्या घरी वडील ते वाचून भिंतीवरच्या कॅलेंडरावर पेन्सिलीनं लिहून ठेवायचे, पावसाचे आणि धरणांचे. पुरातून वाचलेल्या माणसाची ती सवय होती. ताई ते अजून करते.

आम्ही भिंतीपर्यंत जात नाही. गावाजवळ एका ठिकाणी बांधावरून खाली उतरता येतं, तिथं उतरतो. नदी इथं अगदी लहान आहे. काळ्या खडकांमधून वाहणारी, घोट्याएवढ्या पाण्याची. खडकांवर शेवाळ, एका कोंडीत बोटाएवढे मासे, काठाला तेरड्याची वाळत आलेली रोपं. पुण्यातल्या पुलावरून जी दिसते तिच्याशी हिचं काही नातं असेल, असं कुणाला वाटणार नाही. पहिल्या वर्षी ताई काठावरच उभी राहिली होती. पाण्यात पाय घालायला तिला तीन वर्षं लागली. चौथ्या वर्षी तिनं चपला काढल्या, साडी पोटऱ्यांपर्यंत धरली आणि मधल्या सपाट खडकावर जाऊन उभी राहिली. मला म्हणाली, “काढ.” तेव्हापासून दर वर्षी अकरावा फोटो तिचा, त्याच खडकावर. एका वर्षी पाणी जास्त होतं, ती माझा हात धरून गेली. दुसऱ्या वर्षी खडक पूर्ण कोरडा होता. केस हळूहळू पांढरे होत गेले, चष्मा बदलला, साडी कॉटनची झाली. खडक तोच.

या वर्षी मी अकरावा काढला. ताई खडकावरून हलली नाही. म्हणाली, “आण तो इकडे. बारावा मी काढते.”

तिनं कॅमेरा कधी हातात घेतला नव्हता. मी पट्टा तिच्या गळ्यात घातला, फोकस करून दिला, कुठलं बटण ते दाखवलं. मी काठावर गेले. तिनं वाकून आत बघितलं आणि एकदम हसली. “अगं, तू डावीकडे गेलीस की यात उजवीकडे जातेस!” मी म्हटलं, “आरसा आहे त्यात.” “म्हणजे मी हलवायचं तर उलटं हलवायचं?” “हो.” ती शोधत राहिली. मी तिच्याकडे बघत राहिले. बारा वर्षं मी या कॅमेऱ्याच्या मागे होते. समोरून तो मला कधी दिसलाच नव्हता. हा कॅमेरा वापरणारं माणूस खाली बघतं, त्याची मान नमलेली असते, देवापुढे असते तशी. मला ताईचा भांग दिसत होता, पांढरा, मधोमध, आणि तिच्या पायांभोवतीचं पाणी. ते पुढे खडकवासल्याला जाणार, तिथून नळांना.

बटण दाबल्याचा आवाज नदीत ऐकू आला नाही. तिनंच मान वर करून सांगितलं, “झाला.”

रोल गुंडाळून बाहेर काढला की त्याच्या कागदाच्या टोकाला गोंदाची पट्टी असते. ती ओली करून चिकटवायची, म्हणजे रोल सुटत नाही. पाकिटाला लावतात तसं जिभेनं. ताईनं तो माझ्या हातातून घेतला, पट्टी जिभेवरून फिरवली, अंगठ्यानं घट्ट दाबली आणि डब्यातली थालीपीठं संपली होती त्या रिकाम्या डब्यात ठेवला.

रोल मी घरीच धुते, त्याच संध्याकाळी, न्हाणीघरात. ताई पालथ्या बादलीवर बसते. अंधारात फिल्म टाकीत भरायची, मग डेव्हलपर, मग स्टॉप बाथ, मग हायपो. ती सगळं होईपर्यंत गप्प असते. खरा प्रश्न शेवटच्या पाण्याचा. पुस्तकात लिहिलंय, नळ सोडून अर्धा तास धुवा. ताईच्या समोर अर्धा तास नळ सोडणं शक्य नाही. जिनं आठव्या वर्षी बादली घेऊन रांगा लावल्या, तिच्या देखत पाणी वाहू द्यायचं नसतं. मग मी दुसरी रीत शिकले. टाकी पाण्यानं भरायची, पाच वेळा उलटी-सुलटी करायची, ओतायची. पुन्हा भरायची, दहा वेळा. पुन्हा, वीस वेळा. एवढ्यात फिल्म स्वच्छ होते, वर्षानुवर्षं टिकते. मोजायचं काम ताईचं. जप मोजावा तशी ती मोजते.

“अठरा, एकोणीस, वीस. पुरे.”

मी झाकण काढलं, फिल्म रिळावरून सोडवली आणि दोरीला टांगली, खाली चिमटा लावून. पट्टी अजून ओली, थेंब टाइल्सवर पडत होते. पंखा लावायचा नाही, धूळ बसते, म्हणून उकडत होतं. ताई उठली, चष्मा पुसला, बल्बच्या उजेडात खालून वर बघत गेली. बारावा कोरा नव्हता. मी जरा वाकडी, जरा डावीकडे, पण होते. मग ती वर सरकून अकराव्याशी थांबली.

निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. पाणी काळं, काळा खडक पांढरा, आणि खडकावर उभ्या ताईचे केस काळेभोर.

ताईनं बोट पुढे केलं, आणि ओलं आहे हे आठवून मागे घेतलं.